उडता सरडा

उडता सरडा : (ड्रॅको द्युसुमिएरी). अगॅमिडी कुलातील, झाडावर राहणारा सरडा. पश्चिम घाटातील रानांत व पायथ्याच्या बागायतींत तो आढळतो. गोव्यात मोले, खोतीगाव येथील अभयारण्यांत आणि घाटालगतच्या कुळागरांत (पोफळी-नारळाच्या बागांत) तो दिसतो. शेपटीसह लांबी सुमारे २० सेंमी.; त्यात निम्म्याहून अधिक शेपटीच. रंग सालीसारखा करडा-तपकिरी.

लॅटिन भाषेत ‘ड्रॅको’ म्हणजे मोठा सर्प किंवा ड्रॅगन. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये आग्नेय आशियातील जातीला ‘ड्रॅको व्होलन्स’ हे नाव दिले. दक्षिण भारतातील जातीचे वर्णन द्युमेरिल व बिब्राँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी १८३७ मध्ये केले आणि द्युसुमिए या फ्रेंच संग्राहकाचे नाव तिला जोडले. अशा सरड्यांवरूनच ड्रॅगनच्या कथा सुचल्या असाव्यात, असे काही जण मानतात. परंतु या कथा लिनीअसच्या कितीतरी आधीच्या. कथेवरून सरड्याला नाव मिळाले, हाच क्रम अधिक ग्राह्य वाटतो.

पंखांची रचना मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पाय. वटवाघळाचा पंख लांब बोटांवर ताणलेला असतो. उडत्या सरड्याच्या मात्र दर बाजूच्या पाच ते सात बरगड्या वाढून अंगाबाहेर आलेल्या असतात आणि त्यांवर कातडीचा पडदा असतो. सरडा बसलेला असताना हा पडदा छत्रीच्या काड्यांप्रमाणे मिटतो. त्यामुळे चार पाय आणि शिवाय पंख, अशी चित्रातल्या ड्रॅगनची ठेवण याच्यापाशी खरोखरच आहे. (कोमोडो ड्रॅगन हा घोरपडीच्या वंशातला, त्याला पंख नाहीत.)

उडताना पुढचे पाय काय करतात, याविषयी मते बदलली आहेत. जुन्या चित्रांत ते मोकळे, पुढे ताणलेले दाखवीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पश्चिम घाटातील जिवंत सरड्यांच्या निरीक्षणांत असे दिसले की, झेप घेताच सरडा पुढचे पाय मागे वळवून पडद्याची पुढची कड पंजांनी धरतो आणि झाडाला टेकण्याआधी सोडतो. प्रत्यक्ष उड्डाणाच्या छायाचित्रांवर आधारलेले हे मत अधिक विश्वसनीय आहे.

हा सरडा पंख फडफडवीत नाही, तरंगत जातो. पोफळीच्या खोडावरून तो खाली झेपावतो, उंची गमावत पुढच्या खोडाकडे सरकतो, शेवटी डोके वर उचलून अलगद चिकटतो आणि पुन्हा वर चढू लागतो. खोडावर स्थिर असताना तो सालीत मिसळून जातो. नर गळ्याची पिवळी पिशवी ताणतो-मिटतो, तेव्हाच नजर तिथे खिळते. कुळागरात तो शोधायचा तर मान वर करून या पिवळ्या झळकेचीच वाट पाहावी. मादीची पिशवी लहान, निळसर असते.

मुख्य अन्न मुंग्या. मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते, मातीत ती पुरते आणि पुन्हा झाडावर जाते.