अंधारातल्या प्रथिनांचा माग

बहुतेक औषधे शरीरातल्या कुठल्या ना कुठल्या प्रथिनाला चिकटतात आणि त्याचे काम वाढवतात, मंदावतात किंवा थांबवतात. माणसात प्रथिने घडवणारी जनुके साधारण २० हजार आहेत. त्यांपैकी किती प्रथिने औषधाचा लहान रेणू नीट धरून ठेवू शकतील, याचा हिशेब हॉपकिन्स आणि ग्रूम या संशोधकांनी २००२ साली मांडला. आकडा आला सुमारे तीन हजार. मान्यताप्राप्त औषधांची लक्ष्ये ठरलेली प्रथिने मात्र काही शेकड्यांतच होती.

माणसाचा जनुकसंच, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचून झाला की ही दरी आपोआप भरेल, अशी आशा होती. तसे झाले नाही. एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, जनुकसंच हाती येण्याआधी जी १० टक्के प्रथिने ठाऊक होती, त्यांच्याभोवतीच ७५ टक्क्यांहून अधिक संशोधन फिरत होते. मला यात संशोधकांचा आळस दिसत नाही. ज्या प्रथिनाची खात्रीची अँटीबॉडी, म्हणजे ते नेमके ओळखून चिकटणारे साधन, मिळत नाही, ज्याला चिकटणारा एकही रेणू माहीत नाही, त्यावर प्रयोग करायचा कसा? प्राथमिक निष्कर्षच नसतील तर अनुदान तरी कोण देणार? साधने नाहीत म्हणून अभ्यास नाही आणि अभ्यास नाही म्हणून साधने नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे.

ते तुटले तर काय हाती लागते, हे ओरेक्सिनच्या रिसेप्टरने, म्हणजे पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनाने, दाखवले आहे. त्याला चालना देणारा रेणू कोणता, हे आधी कोणालाच माहीत नव्हते. अशा रिसेप्टरना ‘अनाथ’ म्हणतात. तो रेणू, म्हणजे ओरेक्सिन, १९९८ मध्ये सापडला, झोप आणि जागेपणाशी त्याचा संबंध उलगडला आणि २०१४ मध्ये या रिसेप्टरना रोखणारे सुवोरेक्सँट हे निद्रानाशावरचे औषध अमेरिकेत मंजूर झाले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, दुर्लक्षित प्रथिनांसाठी खास कार्यक्रम सुरू केला. पुढे त्याचा भर प्रथिनांच्या तीन कुळांवर राहिला : जी-प्रोटीनशी जोडलेले, म्हणजे बाहेरचा संदेश पेशीत पोचवणारे रिसेप्टर; आयन चॅनेल, म्हणजे विद्युतभारित कणांना पेशीत ये-जा करू देणाऱ्या वाटा; आणि कायनेज, म्हणजे इतर रेणूंना फॉस्फेट जोडणारी विकरे. त्यातूनच फॅरोस हे खुले पोर्टल उभे राहिले. प्रथिनांची माहिती युनिप्रॉटमध्ये, रेणूंची चेंबलमध्ये, रचना प्रोटीन डेटा बँकेत अशी वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये विखुरलेली होती. ती इथे एका पानावर आली. प्रत्येक प्रथिनाला चारपैकी एक पायरीही दिली गेली. मान्य औषधाचे लक्ष्य असलेले टीक्लिन, प्रभावी रेणू ज्ञात असलेले टीकेम, केवळ जीवशास्त्रीय माहिती असलेले टीबायो आणि जवळजवळ काहीच माहीत नसलेले टीडार्क. २०१८ च्या आढाव्यात सुमारे एक-तृतीयांश प्रथिने टीडार्कमध्ये निघाली.

ही वर्गवारी मला फार मोलाची वाटते, कारण अज्ञानच त्यामुळे मोजता येऊ लागले. एखादे टीडार्क प्रथिन कोणत्या ऊतीत आढळते, त्याचे जनुक निकामी केलेल्या उंदरात कोणते बदल दिसतात, कोणत्या आजाराच्या जनुकीय पाहणीत ते डोकावते, हे धागे जुळवून पहिला अंदाज बांधता येतो.

एक धोका मात्र आहे. हे डेटाबेस बऱ्याच अंशी प्रसिद्ध शोधनिबंधांवर पोसलेले असल्याने जुना पक्षपात त्यांतही उतरतो. गाजलेल्या प्रथिनाच्या पानावर शेकडो दुवे दिसतात, तर टीडार्कचा रकाना कोरा राहतो. आणि कोरा रकाना म्हणजे संबंध नाही असे नव्हे, बऱ्याचदा तिथे कोणी पाहिलेलेच नसते. २०२१ मध्ये अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने जवळपास सर्व मानवी प्रथिनांच्या रचनांचे अंदाज खुले केले, तेव्हा रचनेच्या बाबतीत हा कोरेपणा बराच कमी झाला. त्या रचनेचे पेशीत काम काय, याचे उत्तर अजूनही प्रयोगशाळेतच शोधावे लागते.