कोळशावरच्या स्लो बार्बेक्यूचा टेंपरेचर कंट्रोलर

कोळशाच्या स्मोकरला, म्हणजे धुरावर मांस सावकाश शिजवायच्या झाकणाच्या भट्टीला, खालून हवा देणारा छोटा पंखा, आत जाळीला लावायचा टेंपरेचर मोजणारा प्रोब आणि प्रोबचं ऐकून पंख्याला कामाला लावणारा एक डबा, हे तिन्ही मिळून कंट्रोलर होतो. अमेरिकेतल्या 'लो अँड स्लो' बार्बेक्यूसाठी तो वापरतात, म्हणजे टेक्सासचं ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) किंवा कॅरोलायनाकडचं पोर्क शोल्डर (डुकराच्या खांद्याचं), जे २२५ ते २५० फॅरनहाइटला म्हणजे साधारण १०७ ते १२१ सेल्सिअसला दहा-बारा तास, कधी रात्रभर ठेवतात. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की निखाऱ्यावरचे टिक्के-कबाब आठवतात, ते काही मिनिटांत होतात, त्याला यातलं काहीच लागत नाही.

इतका वेळ कशाला, तर हे मांस मुळात चिवट असतं. त्यातलं कोलॅजन साधारण ७० सेल्सिअसच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन व्हायला लागतं, घाई केली तर बाहेरून करपतं आणि आतून वातडच राहतं. आतलं टेंपरेचर ९५ च्या आसपास गेलं की साधारण झालं म्हणायचं.

कोळशाचं गणित तसं सोपं आहे, जेवढी हवा मिळेल तेवढाच तो जळतो. हाताने करायचं तर खालची-वरची हवेची भोकं थोडी उघडायची, थोडी मिटायची, आणि मग वारा सुटतो, राख साचते, कोणीतरी वास घ्यायला स्मोकरचं झाकण उघडतं, की परत सगळं पहिल्यापासून. कंट्रोलर लावला की खालची बाकीची भोकं बंद करतात, वरचं थोडंसंच उघडं ठेवतात आणि हवा फक्त पंख्यातून आत जाते. साधा कंट्रोलर नुसता पंखा चालू-बंद करतो. बरे कंट्रोलर पीआयडी पद्धतीचे असतात, ते आत्ता टेंपरेचर किती कमी आहे, किती वेळापासून कमी आहे आणि किती वेगाने बदलतंय हे तिन्ही बघतात आणि त्या हिशोबाने पंखा मधून मधून जरा जरा फिरवतात. पंखा बहुतेक १२ व्होल्टचा असतो, जोराचा वारा नकोच असतो, नाहीतर राख उडून मांसावर बसते.

आता खरी गोम. हे यंत्र फक्त गरम करू शकतं, गार करू शकत नाही. टेंपरेचर वर गेलं तर पंखा थांबतो, बस, पुढे वाट बघायची, आणि बिग ग्रीन एगसारखा कामाडो, म्हणजे जाड सिरॅमिकचा अंड्याच्या आकाराचा स्मोकर असेल तर एकदा तापलेल्या भिंती लवकर उतरत नाहीत. म्हणून महागडा कंट्रोलर घेऊन वर सगळा कोळसा एकदम पेटवला तर त्याचा उपयोग शून्य. न पेटलेला कोळसा भरून त्यावर थोडेसेच निखारे ठेवायचे, मग आग सावकाश पसरत जाते, या पद्धतीला जिम मिनियन यांच्या नावावरून मिनियन मेथड म्हणतात. झाकणाच्या कडेतून हवा आत शिरत असेल तरी तेच, पंखा बंद आणि आग मात्र जोरात.

झाकण उघडल्यावर प्रोब एकदम गार होतो, डब्याला वाटतं आग विझली, तो जोरात हवा मारतो आणि बंद केल्यावर टेंपरेचर भलतंच चढतं. बऱ्याच मॉडेलमधे म्हणून झाकण उघडलेलं ओळखून पंखा थांबवायची सोय असते. प्रोब गार मांसाला अगदी चिकटून ठेवला तरी आकडा कमी दिसतो.

मांसाचं आतलं टेंपरेचर ६५ ते ७५ च्या मधे कुठेतरी तासन्‌तास अडकतं, याला स्टॉल म्हणतात, आणि नवखे लोक इथेच कंट्रोलरला शिव्या घालतात. त्याचा काही दोष नसतो. पाणी पाझरून माठ गार राहतो तसंच मांसावरचं पाणी उडताना ते गार होत राहतं, ग्रेग ब्लॉन्डर या फिजिसिस्टने प्रयोग करून हे दाखवलंय. मांस फॉइलमधे गुंडाळलं की स्टॉल लवकर सुटतो.

बीबीक्यू गुरू, फ्लेम बॉस, फायरबोर्ड ही यातली ओळखीची नावं, काहींना वायफाय आणि मोबाइल ॲपही असतं. हीटरमीटर हा ब्रायन मेलँड यांचा ओपन सोर्स प्रोजेक्ट, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर लावून घरीच बनवायचा. कंट्रोलर वापरणं ही चीटिंग आहे का यावर वाद रंगतात, पण कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांचे नियम विजेवर शिजवायला मनाई करतात आणि पंख्याने हवा द्यायला परवानगी देतात, आणि मला ते बरोबर वाटतं, कारण मसाला, धूर, कधी काढायचं हे सगळं माणसावरच राहतं. पेलेट ग्रिल मात्र वेगळं, तिथे मशीन लाकडाच्या गोळ्या आत ढकलतं, म्हणजे हवेच्या जोडीने जळणही सांभाळतं. लाकडाचे ओंडके जाळणाऱ्या ऑफसेट स्मोकरला हा पंखा फारसा जमत नाही, लाकडाची हवा कोंडली की धूर कडवट होतो.

वीज गेली तर पंखा थांबतो आणि आग हळूहळू मंदावते, भडकत नाही. पण मांस ४ ते ६० सेल्सिअसच्या मधे फार वेळ राहिलं तर त्यात जंतू वाढतात, म्हणून रात्री झोपायचं असेल तर टेंपरेचर पडल्याचा अलार्म लावूनच झोपतात. आणि स्मोकर कायम उघड्यावर, गॅरेजमधे किंवा बंद बाल्कनीत नाही, कोंडलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याचा वास येत नाही.