शेतसंरक्षणाची बंदूक: परवाना कोणाला मिळतो, कागद कोणते लागतात

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बंदुकीचा विषय निघाला की गावात सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो, डुकरांनी भात लोळवला, वानरांनी कोवळे नारळ पाडले, भरपाई येईल तेव्हा येईल. निदान बार काढून जनावर हुसकवायला तरी बंदूक द्या. दुसरा म्हणतो, परवाना शेतीच्या नावावर आणि बंदूक रात्रीच्या पारधीला. मग झुडपातला सोबतीच सावज समजून गोळी खातो. दोन्ही बाजूंचे खरे आहे. त्यामुळे अर्ज करणाऱ्याने एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी: हा परवाना पीक राखायला आहे, शिकारीला नाही. अर्ज, जबाब, कागद, सगळे त्याच धोरणाने तयार करा.

शस्त्र कायदा १९५९ चा, शस्त्र नियम २०१६ चे. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली असेल तर शिक्षा संपल्यावरही ५ वर्षे परवाना मिळत नाही. चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र चालू असेल, तर तोवर नाही. मात्र पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. जमीन थोडी म्हणून कोणी परत पाठवले तर ते वाक्य दाखवा.

शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी नाव घेऊन सांगितली आहे ती ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची. काडतुसाची हवी असेल तर ठासणीच्या बंदुकीने भागत नाही हे परवाना अधिकाऱ्याला पटवावे लागते. ‘शेजाऱ्याकडे आहे’ हे कारण होत नाही.

अर्ज फॉर्म ए-१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करायचा. सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, रायगडवाल्यांना अलिबाग. पनवेल-उरणकरांनी मात्र अलिबागची वाट धरू नये. ते नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतात आणि तिथे परवान्याचा अधिकार आयुक्तांकडे असतो.

अर्जासोबत फोटो, ओळखीचा, रहिवासाचा आणि जन्मतारखेचा पुरावा, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला (व्यसनाधीन नसल्याचा उल्लेख त्यात हवाच), शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. हे सगळे दोन-चार हेलपाट्यांत जमते. कोकणात घोडे अडते ते सातबाऱ्यावर. आजोबांच्या नावावरून वारसांची नावे चढत गेलेली, एका गटावर पंधरा-वीस जण, त्यातले निम्मे मुंबईला. कसतो एक, नावे सगळ्यांची. कार्यालयात सहहिस्सेदारांचे संमतीपत्र मागतात, म्हणून ते आधीच जमवून ठेवा. चाकरमानी गणपतीला आले की आरतीनंतर सह्या घेणे हा सोपा मार्ग. आठ-अ आणि पीकपाहणीची नोंदही जोडा. सातबाऱ्यावर पीकपाहणीचा रकाना कोरा आणि अर्जात ‘काजूची बाग उद्ध्वस्त’ असे असेल, तर जबाबाला आलेला पोलीससुद्धा हसेल.

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे नुकसानीचे पंचनामे. यादीत कुठे लिहिलेले नसते, पण गरज सिद्ध होते ती त्यानेच. दर वेळी नुकसान झाले की लगेच वन विभागाकडे तक्रार द्या, पंचनामा करून घ्या, नक्कल ठेवा. भरपाई किती मिळते हा वेगळा विषय.

अर्ज दाखल झाला की पोलीस ठाण्याकडे चौकशी जाते. पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर ६० दिवसांत परवाना अधिकाऱ्याने निर्णय, असे नियम सांगतो. प्रत्यक्षात फाईल किती दिवस कुठल्या टेबलावर बसते ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पोचपावती जपा. नकार आला तर लेखी कारणे मागा. ३० दिवसांत अपील करता येते. परवाना मिळाल्यावर त्यावर एनडीएएल या शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक आहे ना, ते पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत ५ वर्षांची झाली आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधी द्यायचा.

आता दुसऱ्या तटाचा मुद्दा. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली रानडुकरासाठीही वेगळी परवानगी लागते; त्यासाठी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज करावा. गवा तर त्या कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेला, त्याच्या वाटेला जाऊच नका. लग्नात किंवा मिरवणुकीत हौसेने बार काढला आणि त्याने इतरांच्या जिवाला धोका झाला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

घरात बंदूक ठेवण्याची पद्धत मात्र खरोखर बदलायला हवी. ठासायला वेळ लागतो म्हणून बार भरूनच ती माजघरात खुंटीला टांगायची, ही सवय अजून दिसते. खाली पोरे खेळत असतात. रिकामी करून, दारू-छर्रे वेगळे, कुलपात; चावी स्वतःकडे. परवाना तुमच्या नावावर आहे, तेव्हा शेजाऱ्याला रात्रभरासाठी बंदूक देणेही गुन्ह्यात जाते.

वडिलोपार्जित बंदुकीचा घोळ वेगळा. परवानाधारक वारला की ती आपोआप मुलाची होत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, इतर वारसांची ना-हरकत जोडून आपल्या नावाने अर्ज करावा. विनापरवाना बंदूक घरात सापडली तर किमान २ वर्षांची शिक्षा आहे, ‘बाबांची आठवण’ म्हणून सूट नाही. बाबा हयात असतील आणि सत्तरी ओलांडली असेल, किंवा बंदूक २५ वर्षे त्यांच्याकडे असेल, तर ते हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतात. बहुतेक घरांत हे कुणी करत नाही.

निवडणूक लागली की बंदुका जमा करण्याची नोटीस येते, नेमकी आंबा-काजूच्या हंगामात किंवा भात पोटरीवर असताना. सरसकट सगळ्यांनाच जमा करायला लावणे बरोबर नाही. कोणाची घ्यायची हे जिल्ह्याच्या छाननी समितीने ठरवायचे असते. पिकाचा हंगाम आणि स्वच्छ नोंद दाखवून समितीकडे सूट मागता येते. सूट नाही मिळाली तर बंदूक जमा करा, पावतीवर क्रमांक आणि स्थिती लिहून घ्या, कारण परत मिळताना दस्ता तडकलेला निघाला तर पुरावा तोच.