आत्याने स्वीकारलेली फ्रेंड रिक्वेस्ट

भारतात फक्त ३३५ जणांनी व्यक्तिमत्त्व-चाचणीचे एक ॲप आपल्या फेसबुक खात्याला जोडले होते. त्यांच्यामुळे किती भारतीयांची माहिती बाहेर गेली असावी? फेसबुकने एप्रिल २०१८ मध्ये स्वतः दिलेला आकडा आहे ५,६२,४५५. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीने फेसबुकवरच्या लोकांची माहिती मिळवून वापरली, त्या प्रकरणातला हा आपल्या देशापुरता हिशेब. भागाकार केला तर एका माणसामागे जवळपास १,६८० जण येतात. या साडेपाच लाखांतल्या बहुतेकांनी ती व्यक्तिमत्त्व-चाचणी कधी पाहिलीही नव्हती. त्यांच्या यादीतल्या एखाद्या मावसभावाने किंवा जुन्या वर्गमित्राने गंमत म्हणून ती दिली, 'परवानगी आहे' म्हटले आणि ॲपने त्याच्याबरोबर त्याच्या मित्रांचीही माहिती उचलली. तेव्हाच्या फेसबुकच्या नियमांत ते बसत होते.

पुढे फेसबुकने ती वाट बंद केली. पण त्या प्रकरणातून जे दिसले ते आजही तसेच आहे, आणि घरातल्या सुरक्षेचा विचार तिथूनच सुरू करावा असे मला वाटते. माझी माहिती माझ्या एकटीच्या हातात नसते, ती माझ्या माणसांच्या हातात असते.

अमेरिकेतल्या व्हरमाँट आणि ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये याचे मोजमापच मांडले. त्यांनी ट्विटरवरच्या १३,९०५ जणांच्या तीन कोटींहून अधिक जाहीर पोस्ट तपासल्या. प्रश्न असा होता : एखाद्याचे स्वतःचे लिखाण अजिबात न वाचता, केवळ त्याच्या संपर्कातल्या लोकांचे वाचून, तो पुढे काय लिहील याचा अंदाज कितपत बांधता येतो? आठ-नऊ जणांचे लिखाण पुरेसे ठरले. एखाद्या माणसाबद्दल जेवढे भाकीत करणे शक्य असते, त्यातले सुमारे ९५ टक्के त्याच्या गोतावळ्यातूनच करता येते. 'मी नाही बाबा त्या फेसबुकवर' असे म्हणणाऱ्या आजोबांचाही ठसा सुना-नातवंडांच्या पोस्टमध्ये उमटत असतो.

आपल्याकडे बहुतेक घरांत काय होते? मुलीच्या फोनवर सगळी बंधने घातली जातात, तिचे खाते प्रायव्हेट केले जाते, आणि सुरक्षेचे काम झाले असे आपण समजतो. त्याच वेळी तिच्या आत्याचे प्रोफाइल सगळ्या जगाला उघडे असते आणि त्यात भाचीचे फोटो, शाळेचा गणवेश, क्लासची वेळ असे सगळे असते. जाळ्यामधून माणसापर्यंत पोचायचे असेल तर सर्वांत सैल गाठ शोधली जाते, आणि ती गाठ बहुधा मूल नसते.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात याचा प्रत्यक्ष प्रयोग झाला होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संशोधकांनी संगणकाने चालवलेली १०२ बनावट फेसबुक खाती आठ आठवडे चालवली. आधी पूर्णपणे अनोळखी लोकांना फ्रेंड रिक्वेस्ट पाठवल्या, तेव्हा साधारण पाचांतल्या एकाने होकार दिला. मग ज्यांनी होकार दिला त्यांच्या मित्रांना पाठवल्या. आता दहांतले जवळपास सहा जण 'हो' म्हणाले. सामाईक मित्र जितके जास्त तितका होकार वाढत गेला, वरच्या टोकाला तो ८० टक्क्यांपर्यंत पोचला. खाते तेच, चेहरा तोच. वाढली होती ती फक्त 'म्युच्युअल फ्रेंड्स'ची संख्या.

आत्याने एका सभ्य दिसणाऱ्या अनोळखी माणसाला यादीत घेतले की दुसऱ्या दिवशी तो भाचीच्या फोनवर 'एक म्युच्युअल फ्रेंड' असा शिक्का घेऊन येतो. तिने घेतले की काकाकडे दोन, आईकडे तीन. चौथ्या माणसापर्यंत तो घरच्या ओळखीचा झालेला असतो, आणि प्रत्यक्षात त्याला घरातले कुणीच ओळखत नसते. म्हणून 'सामाईक मित्र आहेत' एवढ्यावर कधीही विसंबू नये. त्या सामाईक मित्राला फोन करून 'हा कोण गं?' एवढे विचारावे. शिवाय आपली मित्रयादी इतरांना दिसणार नाही अशी सोय फेसबुकमध्ये आहे. ती घरातल्या मोठ्यांनी आधी वापरावी.

मराठी घरांत माहिती सांडायच्या आपल्या अशा खास जागाही आहेत. आपल्या पूर्ण नावातच वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते. जुन्या मैत्रिणींना शोधता यावे म्हणून अनेक जणी प्रोफाइलवर माहेरचे आडनावही लिहितात, आणि 'आईचे माहेरचे आडनाव काय?' हा तर जुना, रुळलेला सुरक्षा-प्रश्न. ई-आधारची फाइल उघडण्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. बाबांच्या एकसष्टीचा फोटो तारखेसह टाकला की जन्मवर्ष जाहीर झालेच. दहावीचा निकाल लागला की गुणपत्रिका ग्रुपवर आणि स्टेटसवर झळकते. बोर्डाच्या संकेतस्थळावर निकाल पाहायला बैठक क्रमांक आणि आईचे नाव एवढेच लागते, आणि ते दोन्ही त्या कागदावर छापलेले असते. लेकीचे कौतुक करायचे असेल तर टक्के लिहा, पेढ्याचा फोटो टाका, गुणपत्रिका घरात राहू द्या. गणपतीला गावी निघालो हे कोकणात पोचल्यावर नव्हे, परत येऊन कुलूप उघडल्यावर सांगितले तरी आनंद कमी होत नाही.

मुलांच्या फोटोंबाबत माझे मत जरा कडक आहे. बोरन्हाणाचे, आंघोळीचे, रडण्याचे फोटो उघड्यावर टाकू नयेत. ते बाळ पंधरा वर्षांचे झाल्यावर त्याच्या वर्गमित्रांना ते सापडणार आहेत. आणि मूल विचारण्याएवढे मोठे झाले असेल तर टाकण्याआधी त्याला विचारावे. ज्या मुलाला घरात 'हा फोटो टाकू का?' असे विचारले जाते, त्याला बाहेर नाही म्हणायचे बळही तिथूनच मिळते.

व्हॉट्सॲपचे खाते पळवण्याचा प्रकार तर उभा राहतो तो नात्यांच्या विश्वासावरच. दुपारी काकूंना त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणीच्या नंबरवरून मेसेज येतो : 'अगं, माझा एक सहा आकडी कोड चुकून तुझ्याकडे आलाय, पाठव ना जरा.' एसएमएसमध्ये कोड खरोखरच आलेला असतो. काकू पाठवतात. मैत्रिणीचे खाते मात्र आधीच चोराच्या ताब्यात गेलेले असते. त्याने स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून काकूंचा नंबर टाकलेला असतो, आणि हा नंबर टाकणाऱ्याचाच आहे ना, हे तपासायला व्हॉट्सॲपने काकूंच्या सिमवर तो कोड पाठवलेला असतो. कोड हाती पडताच काकूंच्या फोनवरचे व्हॉट्सॲप बंद होते आणि चोराच्या फोनवर सुरू होते. जुने संभाषण त्याला दिसत नाही, कारण ते काकूंच्या फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये असते. पण 'माहेरची मंडळी', 'आमचे कुटुंब', सोसायटीचा ग्रुप आणि त्यांतले सगळे नंबर दिसतात. मग पुतण्याला मेसेज जातो : 'दवाखान्यात आहे, वीस हजार पाठव, फोन उचलता येणार नाही.'

यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन असते. तिथे स्वतःचा सहा आकडी पिन ठेवला की नुसत्या एसएमएसच्या कोडवर खाते हलत नाही. खाते गेलेच तर आपल्याच फोनवर, आपल्याच नंबराने पुन्हा नोंदणी करावी. नवा कोड टाकला की चोर आपोआप बाहेर फेकला जातो. त्याने मध्येच स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर आपल्याला सात दिवस थांबावे लागते, पण तो मात्र त्याच क्षणी बाहेर पडलेला असतो. आमच्या घरात पैशांचा एक नियम आहे. मेसेजवर पैसे मागितले की नेहमीच्या नंबरवर फोन करायचा आणि घरच्यांनाच ठाऊक असेल असे काहीतरी विचारायचे. आता आवाजाची नक्कलही करता येते, म्हणून हा प्रश्न हवाच. त्यात कुणी राग मानत नाही, सासूबाईसुद्धा नाहीत.

लग्नसराईत येणाऱ्या पत्रिकांचेही तसेच. खरी पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते अँड्रॉइडचे ॲप आहे, पत्रिका नव्हे. ते बसवताना फोन 'अनोळखी ठिकाणचे ॲप बसवू का?' असे विचारतो आणि नंतर एसएमएस वाचायची परवानगी मागतो. ती दिली की बँकेचे ओटीपी थेट दुसऱ्याच्या हाती जातात. पाठवणारा मेहुणा असला तरी ते उघडू नये, कारण मेहुण्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

आता मुलांकडे वळते. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठात २०१६ च्या एका अभ्यासात १३ ते १८ वयाच्या ३२ मुलामुलींना इन्स्टाग्रामसारख्या पडद्यावर फोटो दाखवले आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. त्यांच्या स्वतःच्या फोटोंना भरपूर लाइक्स दिसले की मेंदूतले बक्षिसाची जाणीव देणारे केंद्र अधिक सक्रिय होई. धूम्रपान, दारू अशा धोकादायक गोष्टींचे फोटो पाहताना मात्र स्वतःला आवरणाऱ्या भागांची हालचाल कमी झालेली दिसली. बत्तीस हा आकडा लहान आहे, त्यावरून सगळ्या पिढीचे निदान करू नये. पण किशोरवयात समवयस्कांची दाद किती ओढ लावते हे त्यातून समजते, आणि 'एवढे कळत कसे नाही तुला?' असे ओरडण्याआधी ते आठवावे.

कारण खरा धोका त्या ओरड्यातच दडलेला आहे. ऑनलाइन ओळख होते, गोड बोलून एखादा खासगी फोटो मिळवला जातो, आणि लगेच धमकी येते : पैसे दे, नाहीतर तुझ्या आईबाबांना, सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. मुलांनाही हे होते, मुलींनाही. ब्लॅकमेल करणाऱ्याकडे त्या फोटोपेक्षा मोठे हत्यार असते ते मुलाला वाटणारी घरच्यांची भीती. 'काही चुकीचे दिसले तर फोन काढून घेईन' असे आपण म्हणतो, तेव्हा मूल पुढच्या वेळी काही सांगणार नाही याची तजवीज करतो. त्यापेक्षा आधीच, काही घडलेले नसताना, स्पष्ट सांगावे : तू काहीही पाठवले असलेस तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही, फोनही घेणार नाही. आणि तो शब्द पाळावा. चोरून मुलांचे मेसेज वाचणे मला पटत नाही. ते एकदा उघड झाले की मूल दुसरे खाते काढते आणि त्या खात्यावर आपण नसतो.

असे घडलेच तर पैसे देऊ नयेत, कारण दिले की मागणी वाढते. धमक्यांचे स्क्रीनशॉट, खात्याचे नाव, यूपीआय आयडी जपून ठेवावेत, मगच ब्लॉक करावे. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. तक्रार लवकर पोचली तर रक्कम मधल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. केंद्राच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

फोटो पसरू नये म्हणून विज्ञानानेही एक वाट काढली आहे. अठरा वर्षांखालच्या काळातल्या फोटोंसाठी 'टेक इट डाउन' आणि प्रौढांसाठी 'स्टॉपएनसीआयआय' या मोफत सेवा आहेत. त्यांत फोटो कुणालाही पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर फोटोतून अंकाक्षरांची एक लांब ओळ तयार होते, तिला हॅश म्हणतात. या ओळीवरून फोटो परत घडवता येत नाही. बाहेर जाते ती फक्त ही ओळ. फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या सहभागी कंपन्या आपल्याकडे येणाऱ्या फोटोंचे हॅश तिच्याशी ताडून पाहतात आणि जुळले तर कारवाई करतात. व्हॉट्सॲपसारख्या एन्क्रिप्टेड संभाषणात हे चालत नाही, कारण तिथे कंपनीलाच फोटो दिसत नाही. हॅश काढायला फोटो लागतो, म्हणून घाबरून तो आधीच पुसून टाकू नये. आणि 'हे बघा काय झालंय' म्हणून तो काका-मामांना पाठवणे तर पूर्णपणे टाळावे. अल्पवयीन मुलाचा तसला फोटो पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे, पाठवणारा घरचा असला तरी.