वळिवडे छावणीतील पोलिश शाळा

दुसऱ्या महायुद्धामुळे शाळा तुटलेल्या पोलिश मुलांसाठी तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील वळिवडे (ता. करवीर) येथील निर्वासित छावणीत १९४३ ते १९४८ या काळात या शाळा चालल्या. छावणीत सुमारे ५,००० निर्वासित होते. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती, कारण कर्ते पुरुष पोलिश सैन्यात भरती झाले होते, बेपत्ता होते किंवा सोव्हिएट भूमीवर मरण पावले होते.

ही मुले बहुतांशी पूर्व पोलंडमधली. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएट सैन्य त्या प्रदेशात शिरल्यानंतर तेथील अनेक शाळांची माध्यमभाषा बदलली आणि पोलंडचा इतिहास व धर्मशिक्षण हे विषय वगळण्यात आले. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ दरम्यान चार लाटांत असंख्य कुटुंबांना सायबीरिया, उत्तर रशिया व कझाकस्तानात नेण्यात आले. किती माणसे नेली, याविषयी एकमत नाही. लंडनमध्ये आश्रयास गेलेल्या परागंदा पोलिश सरकारच्या अंदाजांवर विसंबलेले जुने लेखन दहा लाखांहून मोठा आकडा देते, तर १९९० नंतर खुल्या झालेल्या सोव्हिएट गुप्त पोलिसांच्या कागदपत्रांवरून या चार लाटांतील लोकांची संख्या सव्वातीन लाखांच्या आसपास भरते. आता हा लहान आकडाच अधिक ग्राह्य मानला जातो. मात्र त्यात अटक झालेले, युद्धकैदी व लाल सैन्यात सक्तीने भरती केलेले लोक धरलेले नाहीत, हे दोन्ही आकडे शेजारी मांडताना पुष्कळदा विसरले जाते.

हद्दपारीच्या वस्त्यांत काही मुलांना रशियन शाळा मिळाली, काहींना मिळाली नाही, आणि जी थोडी मोठी होती ती भाकरीच्या वाट्यासाठी कामाला जुंपली गेली. कोरा कागद दुर्मीळ असल्याने जुन्या वर्तमानपत्राच्या छापील ओळींमधल्या पट्टीत लिहावे लागे. ३० जुलै १९४१ च्या पोलिश–सोव्हिएट करारानंतर या लोकांची सुटका झाली आणि १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक सैनिक व नागरिक इराणमध्ये पोचले. तेथून वळिवड्याला आलेल्यांच्या आधीच, १९४२ मध्ये, मुलांचा एक गट नवानगर (आजचे जामनगर, गुजरात) संस्थानातील बालाचडी येथे तेथील राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजींच्या आश्रयास आला होता. तेथील मुलांची संख्या लोकप्रिय लेखनात १,००० सांगितली जाते, इतरत्र ती सहाशेच्या घरात दिसते. मुले टप्प्याटप्प्याने आली व गेली, त्यामुळे हा फरक पडला असावा.

वळिवड्यातील शिक्षणाची चौकट १९३२ च्या पोलिश शिक्षणसुधारणेनुसार होती. सातव्या वर्षी प्राथमिक शाळेत प्रवेश, सहा इयत्तांनंतर चार वर्षांचे जिम्नॅशियम (माध्यमिक शाळा) व त्यापुढे दोन वर्षांचे लिसेयम (उच्च माध्यमिक शाळा) अशी ती रचना होती. छावणीत बालवर्ग, प्राथमिक शाळा, जिम्नॅशियम व लिसेयम एवढे सर्व टप्पे होते. अडचण वयाची होती. १९३९ मध्ये दुसरीत असलेले मूल वळिवड्यास पोचले तेव्हा बारा-तेरा वर्षांचे झाले होते. इराणमधील तात्पुरत्या वर्गांत पदरी पडलेले सोडले, तर शाळेच्या हिशेबी त्याची फारशी प्रगती झालेली नव्हती. त्यामुळे एकाच बाकावर निरनिराळ्या वयांची मुले बसत आणि वाया गेलेली वर्षे भरून काढणे हेच शिक्षकांचे मुख्य काम होऊन बसले. पाठ्यपुस्तकांची चणचण होती. जेरुसलेममध्ये छापलेली पोलिश पुस्तके दूरदूरच्या छावण्यांत वापरली जात. वर्गाबाहेरच्या शिक्षणाचा मोठा भाग बालवीर (स्काउट) चळवळीकडे होता. पुढे धर्मगुरू झालेले झ्जिस्वाव्ह पेश्कोव्स्की तेव्हा तेथे बालवीरांचे मार्गदर्शक होते.

अभ्यासक्रम मायदेशी परतण्याच्या हेतूने आखलेला होता. तथापि फेब्रुवारी १९४५ च्या मित्रराष्ट्रांच्या याल्टा परिषदेनंतर ज्या ल्वूफ (आजचे लविव्ह), विल्नो (आजचे विल्नियस) भागांतून ही मुले आली होती, ते पोलंडबाहेर गेले, आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. भूगोलाच्या तासाला शिकवली जाणारी गावे आता परक्या नकाशात होती, हा या शाळांच्या इतिहासातला सर्वांत विलक्षण भाग म्हणता येईल. इंग्रजीची गरज वाढली, ती याच सुमारास.

१९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील उरलेली मुले वळिवड्यास आली. १९४७-४८ मध्ये बहुतेक कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिकेकडे पांगली. थोडी पोलंडला परतली. रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीमुळे सिंधमधून आलेली कुटुंबे वसवण्यात आली. कापडाच्या घाऊक बाजारासाठी ओळखले जाणारे आजचे गांधीनगर त्याच जागेवर आहे.