पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची) तक्रार कोणी करायची, कुठे करायची आणि कागद काय लागतात

मागे पोलीस स्टेशनच्या बाकावर एक आई भेटली, मांडीवर प्लास्टिकची फाइल, आत पोरीचं आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स. हे जमवण्यात तिचे दोन दिवस गेले होते आणि तेवढ्यात पोरीचे त्या दिवशीचे कपडे धुऊन दोरीवर वाळतसुद्धा घातले होते. म्हणून पहिलं हेच सांगते, तक्रार द्यायला एकही कागद लागत नाही. वयाचा पुरावा नंतर देता येतो, शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, तेही नसेल तर डॉक्टरी तपासणीवरून वय ठरवतात. कपडे मात्र धुवू नका, कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, ओल धरते.

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांच्या आतलं कोणीही मूलच, मुलगा असो की मुलगी, आणि 'त्याची संमती होती' हे कोर्टात चालत नाही. बलात्कार झाला तरच केस होते असं लोकांना वाटतं, तसं नाहीये. लैंगिक हेतूने नुसता हात लावला तरी ३ ते ५ वर्षं, अश्लील बोलणं, मोबाईलवर घाण दाखवणं, सारखा पाठलाग करणं याला ३ वर्षांपर्यंत. शरीरात काही घातलं, मग ते बोट किंवा वस्तू का असेना, तर कमीत कमी १० वर्षं आणि मूल १६ च्या आतलं असेल तर २०. करणारा नातेवाईक, शिक्षक, पोलीस असेल किंवा मूल १२ च्या आतलं असेल तर शिक्षा आणखी वाढते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर सगळ्यात गंभीर प्रकाराला फाशीपर्यंत. कपड्यावरून हात लावला म्हणजे कलम लागत नाही असा एक निकाल मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला होता, तो सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी रद्द केला, हेतू बघायचा म्हणाले.

तक्रार कोणीही करू शकतं, आई-वडील, शेजारी, शाळेतल्या बाई, डॉक्टर, मूल स्वतः. माहीत असून गप्प बसणं हाच गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या माणसाचं प्रकरण दाबलं तर वर्षापर्यंत. कुठल्याही पोलीस स्टेशनला जा, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर होतो (म्हणजे गुन्हा तिथेच नोंदवून मग हद्दीच्या स्टेशनला पाठवतात) आणि त्याची कॉपी फुकट मिळते, मागून घ्याच. १०९८ किंवा ११२ लावला तरी चालतं. लिहून घेत नसतील तर एसपी किंवा पोलीस आयुक्तांना लेखी द्या. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात आई-बापांना तासन् तास ताटकळत ठेवलं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

पुढचं नीट वाचा, कारण इथेच पोरं सगळ्यात जास्त पिळली जातात. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी आणि त्याही साध्या कपड्यात, शेजारी आई किंवा मुलाचा विश्वासातला माणूस. मुलाला रात्री स्टेशनला ठेवता येत नाही, आरोपीसमोर आणता येत नाही. तपासणी मुलीची असेल तर महिला डॉक्टरच करतात, आणि उपचारासाठी हॉस्पिटलने आधी एफआयआर दाखवा म्हणायचं नाही, तसा नियमच आहे. २४ तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवायचं असतं, समितीकडे सपोर्ट पर्सन, म्हणजे मुलाला आधार द्यायला नेमलेला माणूस मागा, तो केस संपेपर्यंत सोबत राहतो, वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. तुम्ही घरी मात्र सारखं सारखं विचारत बसू नका, काका आले की सांग, मावशी आली की सांग, पोरगं गप्प होतं आणि मग जबाबातही शब्द बदलतात.

कोर्टात बंद दाराआड चालतं, आरोपी पडद्यापलीकडे, वकिलाने थेट मुलाला विचारायचं नाही, न्यायाधीशांमार्फत विचारायचं. साक्ष ३० दिवसांत आणि केस शक्यतो वर्षात संपवा असं कायद्यात लिहिलंय, तारखा तरी पडतातच, तयारी ठेवा.

भरपाईसाठी निकालाची वाट बघायची गरज नाही, एफआयआर झाल्यावर कधीही विशेष कोर्टाकडे अंतरिम भरपाई मागता येते. आपल्याकडे महाराष्ट्रात अत्याचार झालेल्यांना सरकारी मदत देणारी मनोधैर्य योजनाही आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, १० लाखांपर्यंत. त्या आईची फाइल इथे कामाला आली, एफआयआरची कॉपी, दाखला, पासबुक, सगळं तयार होतं. आणि आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरी मुलाचं नुकसान झालेलं असेल तर कोर्ट भरपाई देऊ शकतं, हे बऱ्याच वकिलांनासुद्धा माहीत नसतं, तुम्ही स्वतः विचारा.