माग, रंग आणि नदी : विणलेल्या नदीचित्रांची पार्श्वभूमी

प्रदूषित नदी आणि तिचे पुनरुज्जीवन हा विषय काही कलावंत आज मागावर उतरवत आहेत. हा विषय विणकामाला बाहेरून मिळालेला नाही, कारण सूत धुणे आणि रंगवणे ही कामे वाहत्या पाण्यावाचून होत नसत आणि त्यांची घाणही त्याच पाण्यात जात असे.

पॅरिसमधील बिएव्र या लहानशा नदीकाठी पंधराव्या शतकात गोब्लँ घराण्यातील रंगाऱ्यांनी बस्तान बसवले आणि १६६२ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने तेथेच राजाचा टॅपेस्ट्री (मागावर विणलेली चित्रे) कारखाना सुरू केला. पुढे रंगशाळा आणि कातडी कमावण्याचे कारखाने यांच्या सांडपाण्याने नदी इतकी नासली, की १९१२ पर्यंत शहरातील तिचा प्रवाह पूर्णपणे झाकून टाकण्यात आला.

इंग्लंडमधील वँडल नदीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १८५६ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने कृत्रिम जांभळा रंग शोधल्यानंतर रासायनिक रंगांची लाट आली असतानाही कापडांच्या नक्षीसाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम मॉरिसने १८८१ मध्ये मर्टन ॲबी येथे वँडलकाठी कार्यशाळा थाटून नीळ आणि मंजिष्ठेचे रंग वापरले, टॅपेस्ट्रीचे माग लावले आणि आपल्या एका नक्षीला या नदीचेच नाव दिले. (ती नक्षी मात्र विणलेली नसून सुती कापडावर छापलेली आहे.) तरीही १९६० च्या दशकात याच नदीची गणना उघड्या गटारात होऊ लागली. त्यानंतरच्या प्रयत्नांनी पाणी सुधारले आणि शाळांमधून वाढवलेली ट्राउट माशांची पिल्ले नदीत सोडली जाऊ लागली. पण २००७ मध्ये सांडपाणी केंद्रातून आलेल्या रसायनाने हजारो मासे मेले आणि बरेचसे काम नव्याने करावे लागले.

विणकाम स्वतंत्र कला म्हणून मान्य होण्यात १९६२ पासून स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय टॅपेस्ट्री द्वैवार्षिकीचा (दर दोन वर्षांच्या प्रदर्शनाचा) मोठा वाटा आहे. नदीसाठी हे माध्यम जुळते ते केवळ धागा आणि प्रवाह यांच्या रूपकामुळे नव्हे, असे मला वाटते. टॅपेस्ट्रीत बाणा (आडवा धागा) ताण्याला (उभ्या धाग्यांना) पूर्ण झाकतो आणि प्रत्येक रंगाचा धागा आपल्या आकारापुरताच जाऊन परततो. त्यामुळे चित्र ओळीवर ओळ चढत तयार होते आणि खालची चूक दुरुस्त करायची तर वरचे सारे उसवावे लागते, वँडलचे काम नव्याने करावे लागले तसेच.

पॅरिसबाहेर बिएव्रचे काही भाग अलीकडे पुन्हा उघडण्यात आले आहेत. गोब्लँचे माग आजही जुन्याच जागी चालतात. त्यांच्या शेजारची नदी मात्र अजून झाकलेलीच आहे.